बिनपोराचं बाळंतपण

आत्याबाई,

परवा मला साताऱ्याला बोलावलं होतं. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिथं मोठ्या हुद्द्यावर आहे, तिनं नर्सेससाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. गार हॉल, मऊ खुर्च्या, आणि समोर भिंतीवर हत्तीएवढ्या अक्षरांत 'बर्नआऊट'. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी वाकून मला समजावून सांगितलं, की काम करता करता माणसाचं मन पार कोळसा होऊन जातं, त्याला असं म्हणतात. मी म्हटलं, बाई, मला काय सांगता, मी झालेय तो कोळसा. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. मग मला बोलायला उभं केलं. जन्मभर तोंडाळ म्हणून ओळखली गेले, पण तिथं माझी दातखीळ बसली. दोन गुळगुळीत वाक्यं बोलले, शाल घेतली, नारळ घेतला आणि एस.टी. धरली. सांगायचं होतं ते सगळं तुमचं होतं, आणि ते माईकवरून सांगितलं असतं तर तुम्ही जिथं असाल तिथून म्हणाला असता, "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस व्हय गं?" म्हणून तुम्हालाच लिहिते. जे घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ. आपल्याकडं कुंडलच्या बाजूला विहिरींना निदान प्यायला तरी पाणी होतं. मी होते जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या एका उपकेंद्रावर. नर्सबाई म्हणून नवीनच लागलेली, लग्नाला थोडी वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि तुमचा लेक फौजेत, लांब सरहद्दीवर. खडी फोडायच्या कामावर गावंच्या गावं येऊन बसली होती. त्यांना कॉलऱ्याची लस टोचायची, पोरांची हगवण बघायची, वाटपाच्या सुकडीवरून होणारी भांडणं सोडवायची, उन्हात खडीच्या ढिगाआड होणारी बाळंतपणं करायची आणि महिनाअखेर वर तोंड करून सांगायचं की कुटुंब नियोजनाच्या केसेस किती आणल्या. सुया उकळायला पाणी लागतं, आणि टँकर आला की माझ्याआधी बायांचे हंडे उभे. मी म्हणायची, मला एक पातेलंभर द्या, की त्या कानडीतून शिव्या घालायच्या. बरोबरच होतं त्यांचं. सुट्टी मला कुणी नाकारली नव्हती, मीच घेत नव्हते. मला वाटायचं, मी बसले तर कुणीतरी मरेल. आणि खरं सांगायचं तर आपल्यावाचून जगाचं अडतं ह्याची एक नशाही असते. नवरा त्याच्या सरहद्दीवर, मी माझ्या, अशी काहीतरी मस्ती होती डोक्यात.

आधी झोप गेली. मग जेवणाची चव गेली. मग राग गेला, आणि राग गेला म्हणून मी खूश झाले, वाटलं मी शहाणी झाले. पण राग गेला तेव्हा त्याच्याबरोबर बाकीचंही गेलं होतं. एका दुपारी खडीच्या कामावर एक बाई अडली. दोन बांबूंना लुगडं बांधून आडोसा केलाय, आत मी, ती बाई आणि तिच्या शेजारी खडी फोडणारी एक म्हातारी. पोर आलं. माझ्या हातात आलं, निळसर, न रडणारं. पुढं काय करायचं ते मी झोपेतही सांगितलं असतं. तोंडातला चिकटा काढायचा, उलटं धरायचं, तळव्यावर टिचकी मारायची. मी नुसती उभी. हात माझेच, पण ते हलेनात. त्या म्हातारीनं माझ्या हातातून पोर ओढलं, बोटानं त्याचं तोंड साफ केलं, पाठीवर थापटलं, आणि ते रडलं. सगळ्या बाया हसायला लागल्या. खाली पडलेल्या त्या बाळंतिणीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "साकु, अक्का." साकु म्हणजे पुरे. मला आधी वाटलं ती स्वतःबद्दल बोलतेय.

मी घाबरले असते तर बरं होतं. मला काहीच वाटलं नाही. ते पोर तसंच राहिलं असतं तरी मला काही वाटलं नसतं, हे मला कळत होतं आणि ते कळूनही काही वाटत नव्हतं. झालं ते मी केंद्रावरच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, तेही माझ्यासारखेच पिळून निघालेले. म्हणाले, "बाई, घरी जा. रजा मी बघतो. हात परत आले तर या, नाही आले तर राजीनामा पाठवून द्या. अशा हातांनी मला बाळंतपणं नकोत." कडू होतं, पण खोटं नव्हतं. माझं माहेर आई गेल्यापासून नावाला उरलेलं, म्हणून तुमच्याकडं यायला निघाले. सांगलीच्या स्टँडवर उतरले आणि आपल्या गावाची गाडी समोर लागली, भरली, गेली. मी बाकावर बसून बघत होते. पुढची पण गेली. शेवटी आपल्या गावच्या कंडक्टरनं मला ओळखलं आणि हाताला धरून गाडीत बसवलं.

तुम्ही दारात बैलांना पेंड घालत होता. मामंजी मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले, सगळी शेती तुमच्या अंगावर, एक गडी हाताशी. मला मनातून तुमची भीती होती. नोकरी करणारी सून आणली म्हणून भावकीनं तुम्हाला आधीच बोल लावले होते, आणि आता ती सून रिकाम्या हातानं, रिकाम्या पोटानं येऊन पडणार. माझ्या तोंडाकडं बघून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो सगळ्या गावानं विचारला असता, "दिस गेल्यात व्हय गं?" मी मान हलवली. नाही. "मग काय झालंय?" मी म्हणाले, "काही नाही. दमले." तुम्ही पेंडीचे हात लुगड्याला पुसलेत आणि म्हणालात, "दमल्यालं मानूस असं न्हाई दिसत." पुढचे दोन दिवस तुम्ही नुसतं बघत होता. मला तांदूळ निवडायला सूप दिलंत, मी सूप मांडीवर घेऊन सकाळची दुपार केली, एक खडा उचलला नाही. तुम्ही सूप उचलून नेलंत.

तुमच्या थोरल्या जाऊबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दारातूनच त्यांचं सुरू व्हायचं. "भायेरचं काय तरी असंल. त्या वाळक्या मुलखात फिरती एकलीच, लागलं असंल झाडाबिडाचं. देवरशाकडं न्या." दुसऱ्या दिवशी, "नायतर नुसती सोंगं. खायाला काळ आन् भुईला भार." मी आत सगळं ऐकत होते आणि मला वाटत होतं, बरोबर बोलतायत. त्या गेल्या. आणि तुम्ही आतली अंधारी खोली, जिथं बियाण्याची पोती असायची, ती रिकामी करायला लागलात. गड्याला हाक मारून पोती बाहेर काढायला लावलीत. शेणानं सारवलंत. बाज आत टाकलीत, तिच्यावर वाकळ, उशाला विळा. विळा बघून मी ओळखलं. बाळंतिणीच्या उशाखाली ठेवतात तो विळा. मी म्हणाले, "आत्याबाई, हे काय करताय? मला मूल झालेलं नाही." तुम्ही माझ्या कानात कापूस घालत होता. म्हणालात, "पोर न्हाई तर न्हाई. अंग तर मोडलंय न्हवं? बाईमानसानं काम सोडून पडाय आपल्यात येकच वाट हाय, बाळंतपन. दुसरी कंची असली तर सांग." आजारी बाई दोन दिवस पडते आणि तिसऱ्या दिवशी चूल पेटवते. बाळंतिणीला मात्र सव्वा महिना कुणी हात लावत नाही, कुणी काम सांगत नाही, कुणी टोमणा मारत नाही. तुम्ही ती वाट माझ्यासाठी मोकळी केलीत.

डोक्याला फडकं बांधलेली, कानात कापूस घातलेली, वैशाखाच्या उकाड्यात बाजेवर पडलेली मी. कुणी फोटो काढला असता तर माझ्या विद्यार्थिनी अजून हसल्या असत्या. रोज सकाळी तेल-हळद लावून तुम्ही मला रगडायचात, खसाखसा, माझ्या हाडांचा तुम्हाला राग असावा तसं. मग न्हाणीत बसवून कढत पाण्याचे तांबे. आंघोळीनंतर बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा. आता गंमत अशी की बाळंतिणीला धुरी देऊ नका, डोळे जातात, लेकराची छाती भरते, ह्यावर मी गावोगाव भाषणं ठोकत होते, आणि आता त्याच धुरात खोकत पडले होते. ती धुरी चुकीचीच होती, आत्याबाई, त्याबद्दल मी आजही तुमच्याशी भांडेन. तेव्हाही भांडले. तुम्ही म्हणालात, "बरं, शास्त्रापुरती," आणि दोन मिनिटांनी शेगडी काढलीत. पण दोन मिनिटं ठेवलीतच. शेपूची भाजी, लसूण-खोबऱ्याची चटणी, भाकरी दुधात कुस्करून, चघळायला बाळंतशेपा. दुष्काळात डिंकाचे लाडू कुठून करणार, म्हणून शेंगदाणे आणि गुळाचे केलेत आणि डिंकाचे म्हणून दिलेत. बातम्या आत येऊ द्यायच्या नाहीत. कोण मेलं, कुणाचा बैल गेला, टँकर आला की नाही, सगळं उंबऱ्याबाहेर. कुणी माझ्याकडं आपलं दुखणं घेऊन आलं की तुम्ही दारातूनच वाटेला लावायचात. "नर्सबाई न्हाई हितं. हितं बाळंतीण हाय."

गावात बोभाटा झालाच. बिनपोराचं बाळंतपण म्हणजे केवढा अपशकुन, अशानं पुढं कूस उजवत नाही म्हणतात. थोरल्या जाऊबाई तर खास ते सांगायला आल्या, चार बाया बरोबर घेऊन. "पाचवी बी पुजनार काय गं? सटवाईला काय लिवाय लावनार, कुनाच्या कपाळावर?" मी आतून ऐकतेय, अंग चोरून. तुम्ही ज्वारी पाखडत होता. पाखडणं थांबलं नाही. "पोराच्या कपाळावर सटवाई लिवती. हितं पोर न्हाई, तवा काय लिवायचं ती मीच लिवती. बसा, च्या घेऊन जावा." त्यातल्या एकीला हसू आवरलं नाही आणि मग बाकीच्यांनाही. जाऊबाई चहा न घेता गेल्या. त्या दिवशी बाजेवर पडल्या पडल्या मला हसू आलं, आणि हसू आलंय हे माझ्या जरा वेळानं लक्षात आलं.

पण लगेच सगळं सरळ झालं असं नाही. आधी मी नुसती झोपले. तुम्ही जेवायला उठवायचात, मी जेवायची, परत झोपायची. मग झोप पुरी झाली आणि राग परत आला, आणि तो आधी तुमच्यावरच आला. मला कोंडून ठेवलंय, मला अडाणी करून ठेवलंय, तिकडं बाया खडीवर बाळंत होतायत आणि मी इथं लाडू खातेय. मग रडू आलं, आणि कशावरून, तर शेपूच्या वासावरून. त्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं की नोकरी सोडायची. ज्या हातात पोर आलं आणि हात हलले नाहीत, त्या हातांना परत कुणाचं पोर धरायचा हक्क नाही. मी तुमच्याकडं कागद मागितला, राजीनामा लिहायला. तुम्ही म्हणालात, "बाळंतिनीनं लिवायचं नसतंय. डोळं जात्यात." मी म्हणाले, मी बाळंतीण नाही. "सव्वा महिना हायस. फुडं लिव, नायतर जाळ. आत्ता कागूद घावायचा न्हाई." आणि खरंच घरातला कागदाचा एकूण एक कपटा तुम्ही कुठं दडवलात देव जाणे. तुमच्या लेकाचं पत्र आलं तर ते वाचून घ्यायला तुम्ही शेजारी गेलात, माझ्याकडून वाचून घेतलं नाहीत. त्या रागातही मला तुमच्या हट्टाचं कौतुक वाटलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग दुपारच्या त्या वेळा. उन्हानं बाहेर पाखरू हालत नसायचं, गडी गोठ्यात आडवा झालेला, आणि तुम्ही काशाची वाटी घेऊन आत यायचात. माझे तळवे मांडीवर घ्यायचात आणि तेल लावून वाटीनं घासत बसायचात. वाटी हळूहळू काळी पडायची. तुम्ही म्हणायचात, उष्णता निघती. अशाच एका दुपारी मी विचारलं, "आत्याबाई, लोक एवढं बोलतात, तरी तुम्ही हे का करताय?" तुम्ही वर बघितलं नाहीत. वाटी फिरत राहिली. "माजं पैलं लेकरू पोटातच गेलं," तुम्ही म्हणालात. "तुज्या मालकाच्या आधीचं. दिवस पुरं भरल्यालं. बाहेर आलं ती गार. सुईनीनं फडक्यात गुंडाळलं आन् माज्या मामंजींनी न्हेलं. बाज टाकल्याली हुती, लाडू वळल्यालं हुतं. सासू म्हनली, पोर न्हाई मग बाळंतीन कशाची. बाज उचलली. लाडू नंदेला धाडलं. आठवडा सरायच्या आत मी ऊस भांगलाय गेली." मी उठून बसले. तुम्ही हातातला माझा पाय ओढूनच मला परत आडवी केलीत. "दूध यायचं गं. चोळी भिजायची. सरीत बसायची आन् पिळायची, मातीत. कुनाला सांगनार? कानात कापूस न्हाई, अंगाला ऊन पानी न्हाई. पोर गेलं तवा अंगाचं बाळंतपन बी गेलं म्हनायचं, पन अंगाला कोन सांगनार? मला मग लय दिस काय वाटायचंच न्हाई. तुज्या मालकाला हातात दिला तवा बी म्या नुसती बघत हुती. तू दारात आलीस तवा ती तोंड म्या वळखलं."

मी नर्स, आत्याबाई. शेकडो बायांची पोटं चाचपलेली. आणि मला कधी सुचलं नव्हतं, की ज्यांचं मूल गेलंय त्यांनाही दूध येतं आणि त्याचं त्या काय करतात. त्या दुपारी मी तुमचा हात धरला. पोर हातात आलं होतं तेव्हा जे वाटायला पाहिजे होतं ते सगळं त्या क्षणी वाटलं. तुम्ही म्हणालात, "सोड, तेल लागतंय." पण सोडवून घेतला नाहीत.

परत निघाले त्या दिवशी सोमवार होता. बैल गोठ्यात निवांत रवंथ करतायत. आपल्या गावात सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, पेरणी अडली तरी नाही, आणि ज्यानं ठेवलं त्याच्याशी गाव बोलत नाही. माझी पिशवी खांद्याला लावता लावता तुम्ही विचारलंत, "बैलाला सोमवार हाय. तुजा वार कंचा?" मी म्हणाले, सरकारी कामाला असा वार नसतो. "मग सरकारनं बैलाला इचारून शिकावं," तुम्ही म्हणालात, "वार सांग, मगच गाडीत बस." गाडी उभी, कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबलेला, सगळी गाडी ऐकतेय. मी तोंडाला आला तो वार सांगितला, गुरुवार. तुम्ही कंडक्टरला म्हणालात, "ऐकलंस न्हवं रं? गुरुवार." जसं काही तो साक्षीदार.

पहिला गुरुवार मी पाळला, दुसरा पाळला. मग पाऊसपाणी झालं, तापाची साथ आली, आणि माझे गुरुवार बुडायला लागले. कामापुढं बाई कसली बसते. थंडीतल्या एका गुरुवारी उपकेंद्रासमोर रांग लागलेली, मी सुया उकळतेय, आणि बघते तर रांगेच्या शेवटी तुम्ही, डोक्यावर गाठोडं घेऊन. कुंडल ते सांगली, सांगली ते जत, जतहून मिळेल त्या बैलगाडीनं. जन्मात कधी सांगलीच्या पुढं गेला नव्हता तुम्ही. माझे गुरुवार बुडतायत हे तुम्हाला कुणी सांगितलं देव जाणे. पायरीवर बसलात आणि रांगेला सांगून टाकलंत, "आज बैल सोडल्याला हाय. उद्या या." ती माणसं कानडी. तुम्ही आपल्या अस्सल मराठीत बोलताय, आणि त्यातली एक म्हातारी मान डोलावते काय, सगळ्यांना कानडीत समजावते काय. पाच-सहा तापाचे ठेवले, बाकीची माणसं हसत घरी गेली. तेवढ्यात डॉक्टरांची जीप आली. डॉक्टर केसेसचं विचारायला आलेले, घुश्शात. तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि म्हणालात, "आवं डाक्टर, तुमचा वार कंचा?" त्यांना काही कळेना. मी समजावून सांगितलं. डॉक्टर टोपी काढून तुमच्याशेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "आजी, माझा कुठलाच नाही." तुम्ही गाठोडं सोडून त्यांच्यापुढं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवलीत. त्यांनी ती अशी खाल्ली, की मला वाटलं ह्या माणसाला कुणीतरी आधीच विचारायला पाहिजे होतं. पुढं त्यांनी मंगळवार धरला. केंद्रावर सगळ्यांनी आपापला वार धरला, एकमेकांचं काम वाटून घेऊन, आणि कामं काही अडली नाहीत.

दुपारी वस्तीवरून माणूस धावत आला, बाई अडलीय. मी तुमच्याकडं बघितलं. "ह्येला वार न्हाई, चल," म्हणून तुम्हीच पुढं निघालात. खोपटाच्या दारात तुम्ही बसून राहिलात, मी आत. पोर आलं, आणि माझे हात माझ्याआधी हलले. तोंड साफ, पाठ थोपटली, रडलं. मी ते फडक्यात घेऊन बाहेर आले आणि तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवलात. मग आत वाकून त्या बाईच्या सासूला दम भरलात, "हिला सव्वा महिना उठवू नगा." तिला शब्द कळले नाहीत, पण दम कळला.

त्यानंतर माझी सगळी नोकरी झाली. आधी जत, मग साताऱ्याला मुलींना शिकवणं. दरवर्षी नव्या मुली आल्या की मी पहिल्या दिवशी विचारायची, "तुमचा वार कुठला?" त्या हसायच्या. दोन वर्षांनी त्यातलीच एखादी रडत यायची आणि म्हणायची, बाई, तुमचा वार परत सांगा. गेलेल्या बाळाच्या आईची बाज आमच्या वॉर्डात कुणी उचलली नाही, एवढं मी मरेपर्यंत अभिमानानं सांगेन. मला दोन मुलं झाली. कूस न उजवण्याचं भविष्य सांगणाऱ्या जाऊबाईंनी बारशाला पेढे मागून घेतले. दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत, धुरी शास्त्रापुरती.

मी तुमचं एवढं कौतुक सांगते, तरी एक गोष्ट कधी बोलले नाही. त्या बिनपोराच्या बाळंतपणातली. सव्वा महिना संपायच्या पुष्कळ आधी मी बरी झाले होते, आत्याबाई. पायांत बळ होतं, हात शिवशिवत होते, रोज वाटायचं उठावं आणि जतची गाडी धरावी. तुम्ही दुपारी वाटी घेऊन यायचात आणि विचारायचात, "कसं वाटतंय गं?" आणि मी म्हणायची, "अजून पाय जड आहेत." कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं, की त्या घरात तुम्ही बसता ती फक्त तेवढीच वेळ. एरवी तुम्हाला बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. माझे पाय मांडीवर असले की तुमची पाठ भिंतीला टेकायची, आणि तुम्ही त्या लेकराबद्दल बोलायचात, ज्याच्याबद्दल जन्मात कुणापाशी बोलला नव्हता. ते कसं दिसत होतं, त्याचं नाव तुम्ही मनात काय ठेवलं होतं. मी उठले असते तर तुम्हीही उठला असता. ती बाज तुमची होती, मी नुसती तिच्यावर पडून होते.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असताना हे पत्र पाठवलं असतं, तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि हे शेवटचं मी गाळलं असतं.